रबर

कुकरचं रबर गेलं त्याला आज आठवडा.
शिट्टीच्या आधीच कडेनं वाफ फुसफुसते,
वरणाचं पाणी ओट्यावर,
आणि हे पेपराआडून विचारतात, "किती झाल्या?"
एकही नाही.
मी म्हणते, दोन.

सोमवारी दोऱ्यानं झाकण मोजलं.
बत्तीस वर्षं बियाणं तपासण्यात गेली माझी,
ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडून
ज्वारीचे कोंब मोजले,
माप चुकणं आपल्यात बसत नाही.
दोरा पाकिटात, पाकीट पिशवीत,
पिशवी घेऊन गांधी पार्कात उतरले.
वाटेत मेथीची जुडी सुटली.
बांधायला काही मिळेना,
दोरा मिळाला.

दुकानात तोलाजी म्हणला, "तीन लिटरचं का पाचचं?"
मी मेथीकडं बघितलं.
गाठ पक्की होती, माझीच.
सोडावी तर सगळी मेथी त्याच्या काउंटरवर.
"तीनचं," म्हणलं, हेडक्लार्कच्या आवाजात.
घरी आल्यावर कळलं, पाचचं.

मंगळवार बँकेनं खाल्ला.
पासबुक छापायच्या मशीननं आधी पासबुक गिळलं,
मग पोरगा म्हणला, "मॅडम, जेवण झालं की काढू."
जेवण त्याचं.
मी तीनपर्यंत खुर्ची धरून बसले,
शेजारी सेलूचे एक रिटायर्ड तलाठी.
त्यांनी आपल्या दोन्ही गुडघ्यांची हकीकत
सातबाऱ्यासारखी वाचून दाखवली,
कोणत्या गुडघ्यावर किती बोजा,
फेर कधी पडला, सगळं.
उठताना म्हणले, "तुम्ही फार बोलता ताई. बरं वाटलं."
मी एक शब्द बोलले नव्हते.

बुधवारी काय झालं, आठवत नाही.
काहीतरी झालं असेल.

गुरुवारी बदलून आणायला निघाले.
तोलाजीच्या दारात पिशवी उलटी केली तर
पावती होती,
रबर घरी राहिलं होतं.

शंभरात पंच्याहत्तर उगवले की ज्वारीचा लॉट पास.
असा आठवडा माझ्या टेबलावर आला असता
तर लाल शाईनं शेरा मारून
त्याच दिवशी परत धाडला असता.

शनिवारी रशीदाबी आली.
ती आमच्या लॅबमधे ट्रे धुवायची,
माझ्या आधी दोन वर्षं रिटायर झाली
आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसते.
"रबर मरू दे बाई, उरसाला चल."
नळ आठ दिवसांनी आला होता.
मोटार लावली, ह्यांना सांगितलं, टाकी भरली की बंद करा.
"हं," म्हणले.
कानातलं मशीन तेव्हा खिडकीत होतं, चष्म्याशेजारी.
हे मला पाळण्यात बसल्यावर आठवलं.

हलवा-पराठ्यानं पोट तट्ट झालेलं,
पाळणा वर गेला, आणि वरच थांबला.
खालून कोणीतरी ओरडलं, डिझेल संपलं.
रशीदाबीनं दुवा म्हणायला सुरुवात केली,
मधेच थांबून म्हणली, "ते बघ आपलं विद्यापीठ!"
हिरव्या पट्ट्या, पांढरी इमारत,
अलीकडं घरांची गर्दी,
आणि त्या गर्दीत एका काळ्या टाकीवरून
ऊन पडून चकाकत पाणी सांडायलेलं.
इतक्या लांबून कोणाची ते कळत नाही.
माझीच असणार.

खूप वेळ बघितली.
हाक मारून उपयोग नव्हता,
उतरता येत नव्हतं,
वारा मात्र असा होता की
साठी उलटल्यावर पहिल्यांदा माझं
कुठंच काही काम नव्हतं.
रशीदाबीनं पदरातून चणे काढले.
आम्ही मोजले नाहीत.

घरी हे अंगणात पायजमा दुमडून उभे,
"कोणाच्या तरी घरचं पाणी वाहायलंय बघ
तासाभरापासून. काय लोकं असतात!"

आज परत सोमवार.
ह्या वेळी झाकणच घेतलं, टॉवेलात गुंडाळून,
मांडीवर धरून रिक्षात बसले.
रिक्षावाला आरशातून बघत म्हणला,
"मावशी, ताट घेऊन निघालात? कोणाकडं जेवण?"
"तोलाजीकडं," म्हणलं.
तो म्हणला, "माझं बी सांगा."
गांधी पार्क आलं.
तोलाजीचं शटर बंद होतं.